हनाकची बाकी

पाटीवर दोनच नावं होती : बोहुमीर आणि लेओपोल्ड स्कोपाल.
आईचं नाव पाटीवर नव्हतं.
ते पंखात होतं,
दर तीन बोटांवर एक टाका.

आजोबा शवपेट्या करायचे.
बेच्वा नदीकाठच्या त्या गावात
मरण उधारीवर चालायचं, पण चालायचं.
सत्तावीस सालच्या हिवाळ्यात
हनाक गिरणीवाल्याने माप देऊन ठेवलं.
डॉक्टरांनी हात टेकले होते.
फळ्या रंधा मारून भिंतीशी उभ्या,
आणि हनाक बरा झाला.
पैसे मागायला गेलं तर म्हणाला,
मेल्यावर देईन.

त्या फळ्यांचा पहिला पंख झाला.
मामांनी चिरल्या, वाफेवर वाकवल्या,
आईने चादरीचं कापड ताणून शिवलं,
वर लाखेचा हात.
घरभर आठवडाभर तो वास,
पावाला, दुधाला, केसांना.

चराऊ उतारावरून बोहुमीरमामा उडाला.
गाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.
तो सांगायचा दोनशे पावलं,
लेओपोल्डमामा सांगायचा एकशे चाळीस.
आई मागून चालत गेली होती, मोजत.
तिने कुणालाच आकडा सांगितला नाही.

मग कारखाना. साठ माणसं, भोंगा,
शिवणखात्यात अकरा बायका
आणि टेबलाखाली मी,
पडलेल्या सुया चुंबकाने गोळा करणारी.
सुई मोडली तर दोन्ही तुकडे दाखवावे लागत.
एक तुकडा पंखात राहिला तर
आभाळात कुणाचा तरी जीव जाईल, आई म्हणायची.

मग जर्मन आले.
त्यांना ग्लायडर हवे होते, पोरांना उडायला शिकवायला.
दोनशे दहा.
आम्ही केले.
ह्या ओळीपुढे मला काही लिहिता येत नाही.
टाके नेहमीसारखेच घट्ट होते,
आईने तेवढंच सांगितलं,
तेही मी विचारलं नसताना.

अठ्ठेचाळीसला पाटी उतरली.
कुणासाठी केलीत विमानं, असं विचारायला
जे आले त्यातले दोघे आमच्याच सुतारखात्यातले.
बोहुमीरमामाला खाणीत पाठवलं.
जो जमिनीपासून सुटायला बघायचा
तो सात वर्षं तिच्या पोटात राहिला,
आणि परतल्यावर खुर्चीवर उभा राहून
दिवा बदलायलाही घाबरायचा.
लेओपोल्डमामा आपल्याच कारखान्यात भांडारपाल झाला.
रोज सकाळी सही करून
स्वतःच्या कुलपाची किल्ली घ्यायचा.
पंखांच्या साच्यांवर आता शाळेचे बाक व्हायचे.
पाटी आम्ही उलटी करून
कोंबड्यांच्या खुराड्याला दार लावलं.

एक्क्याण्णवला सगळं परत मिळालं :
छप्पर नसलेली शेड, बँकेचं पत्र,
आणि मामेभाची राडाना,
जिला विमानात बसलं की मळमळायचं.
तिने नऊ विमानं विकली. हलकी, प्लास्टिकची,
एका स्विस दंतवैद्याने दोन घेतली.
दहावं अर्धं असताना लिलाव.
आता तिथे फरशांचं गोदाम आहे.
फरशा चांगल्या असतात, मी न्हाणीघरात घातल्यात.

गेल्या वर्षी संग्रहालयातून माणूस आला.
जुना एक ग्लायडर सापडला होता धान्याच्या कोठारात,
कापड कुजलेलं,
आणि हाताने शिवणारं आता कुणी उरलं नव्हतं.
ऐंशीव्या वर्षी मी चष्म्यावर चष्मा लावून बसले.

जुनं कापड उसवलं.
आत, पंखाच्या तिसऱ्या फासळीवर,
सुतारी पेन्सिलीने, बोहुमीरमामाच्या तिरक्या अक्षरात :
हनाककडून येणे, एकशे वीस कोरुना.
आणि खाली, बारीक, आईच्या हातचं :
एकशे बासष्ट पावलं.

संग्रहालयाचा माणूस चहा आणायला गेला होता.
मी दोन्ही ओळींवर बोट फिरवलं,
मेण लावलेला दोरा ओवला,
आणि तो यायच्या आत
शिवून टाकलं.